मदत हवी आहे: नववी-दहावीच्या मुलांपर्यंत आयटीआय व शिकाऊ उमेदवारीची माहिती कशी पोहोचवावी?

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील एका ग्रामीण माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. दहावीनंतर अकरावी एवढाच मार्ग आहे, असे आमच्याकडील बहुतेक पालक धरून चालतात; आयटीआयचा विचार होतो तो कमी गुण मिळाल्यावर, आणि तोपर्यंत केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रियेच्या तारखा अनेकदा उलटून गेलेल्या असतात.

तारतंत्री (वायरमन) किंवा संधाता (वेल्डर) यांसारख्या आयटीआयतील व्यवसायांना आठवी उत्तीर्ण विद्यार्थीही पात्र ठरतो, आणि १९६१च्या शिकाऊ उमेदवारी अधिनियमाखाली कारखान्यात प्रत्यक्ष काम शिकताना दरमहा विद्यावेतन मिळते, ही गोष्ट मुलांना नववीतच कळायला हवी, असे मला मनापासून वाटते. मुलींना तर हे कोणी सांगतच नाही, याची खंत अधिक आहे.

आपल्यापैकी कोणी शाळेत असा उपक्रम राबवला असल्यास कृपया सांगावे: आयटीआयची कार्यशाळा दाखवण्यासाठी प्राचार्यांकडे अर्ज कसा करावा, शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेले तरुण मुलांशी बोलायला कसे मिळवावेत, आणि स्मार्टफोन नसलेल्या घरांसाठी कोणती छापील मराठी माहितीपत्रके उपयोगी पडली? पालकसभा दिवाळीनंतर आहे, त्याआधी उत्तर मिळाल्यास फार मदत होईल.