घरशाळा आणि पोटापाण्याचे काम : आपापले अनुभव सांगा

गंगापूर रोडहून, धागा सुरू करणारी

गेल्या आठवड्यात मुलीचा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा दहावीचा अर्ज भरायला बसले होते. जन्मदाखला हाताशी होता, पाच विषय ठरले होते, आणि आधीच्या शिक्षणापुरते एवढेच लिहून द्यायचे होते की दहावीचा अभ्यास झेपेल इतके तिचे शिकून झाले आहे. त्या दोन ओळींपाशी हात थांबला, कारण त्यांच्यामागे आठ वर्षे होती. मग माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरवली आणि तीत २०१७ सालची एक हिशेबवही सापडली, जिच्या डाव्या पानांवर माझ्या ग्राहकांची विक्रीची बिले होती आणि उजव्या पानांवर सहा वर्षांच्या मुलीने गिरवलेला, दर वेळी उलट्या बाजूने सुरू केलेला ‘ळ’.

मी घरून हिशेब लिहिण्याची आणि कराची विवरणे भरण्याची कामे करते. त्या वर्षी १ जुलैला जीएसटी आला आणि त्याच्याच आदल्या महिन्यात आम्ही मुलीला पहिलीत घालायचे नाही, घरीच शिकवायचे असे ठरवले होते. दोन्ही गोष्टी एकदम अंगावर घेण्याइतकी मी शहाणी होते. पुढे तारखांची घडी बसली, ११ तारखेला एक विवरण आणि २० तारखेला दुसरे, तसा घरातही रिवाज पडला की १० ते २० मुलगी आपली आपण आणि २१ पासून शाळा. महिना २१ तारखेलाच सुरू होतो अशी तिची बरीच वर्षे समजूत होती आणि घरी आलेल्या पाहुण्यांना ती ‘तुमची एकवीस तारीख कधी असते?’ असे गंभीरपणे विचारत असे.

शिकवणे मला कधीच अवघड गेले नाही. इतक्या लहान मुलाला शेजारी बसवून दीड तास शिकवले तरी पुरते. पण तो दीड तास सलग कधी मिळाला नाही, आणि बाई घरात आहे म्हणजे मोकळीच आहे असे ग्राहकांनाही वाटायचे आणि मुलीलाही. मुले किती हुशार झाली हे मला विचारायचे नाही. कमावताना तुम्ही वेळ कुठून काढलात, कोणाच्या वाट्याचा घेतलात आणि कशावर पाणी सोडलेत, ते सांगावे.

अंबडहून

ताई, आमच्याकडे महिना नव्हे, आठवडा फिरत असे. मी कारखान्यात तीन पाळ्यांमध्ये काम करतो, पत्नी परिचारिका आहे, आणि दोघांच्या पाळ्या दर आठवड्याला बदलतात. पहिल्या पाळीच्या आठवड्यात मुलाची शाळा दुपारी साडेतीनला, दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात सकाळी आणि रात्रपाळीच्या आठवड्यात मी झोपून उठेन तेव्हा. फ्रिजवर दोघांच्या पाळ्यांचा तक्ता असे, आईच्या लाल रंगाचा आणि माझ्या निळ्या रंगाचा, आणि दोन्ही रंग नसलेला चौकोन कोणत्या दिवशी येणार हे मुलगा आम्हा दोघांच्या आधी सांगायचा. गणिताचे पुस्तक आम्ही त्याच्यासाठी नंतर आणले.

एक गोष्ट मात्र अजून मनात आहे. रात्रपाळी करून आल्यावर मी त्याला मोठ्याने वाचायला लावत असे आणि दुसऱ्या-तिसऱ्या ओळीला मला झोप लागत असे. काही महिन्यांनी लक्षात आले की त्याने मोठ्याने वाचणे सोडूनच दिले आहे. मला वाटले, अभ्यास टाळतो आहे, म्हणून रागावलो. तेव्हा तो म्हणाला, ‘तुम्ही झोपलात की मी आवाज कमी करायचो, मग हळूहळू आवाज लागेनासाच झाला.’ मूल मनातल्या मनात वाचायला कसे शिकते, याचे उत्तर माझ्यापाशी एवढेच आहे.

इंदिरानगरहून

दादा, आपले चिरंजीव फारच समजूतदार आहेत. मी भर दुपारी अशीच डुलकी घेतली होती तेव्हा माझ्या कन्येने माझ्या कार्यालयाच्या लॅपटॉपवरून आमच्या साहेबांना ‘क’ची बाराखडी पाठवली होती. साहेबांचे उत्तर आले की ‘कृ’ राहिला आहे. (पोळी तव्यावर आहे, बाकीचे नंतर लिहिते.)

दिंडोरी तालुक्यातून

आमची द्राक्षबाग आहे, त्यामुळे आम्हाला ना महिना ना आठवडा, छाटणी ते काढणी हेच वर्ष. ऑक्टोबर छाटणी झाली की पुढचे चार-साडेचार महिने घरात कोणी कोणाचे नसते. त्या काळात मुलीला वेगळे बसवून शिकवणे शक्यच नव्हते, म्हणून जिथे आम्ही तिथे ती. वेलीवरचे घड मोजणे, विरळणीत किती ठेवायचे आणि किती काढायचे, क्रेट काट्यावर ठेवून रिकाम्या क्रेटचे वजन वजा करणे, एवढ्यात तिचे तिसरीपर्यंतचे गणित झाले असावे.

पण बाग म्हणजे मुलाला मोकळी सोडण्याची जागा नव्हे, हेही सांगायला हवे. फवारणीच्या दिवशी तिला तिथून लांब ठेवावे लागे आणि फवारण्या काही थोड्या नसतात. औषधाच्या डब्यावर तिरपा चौकोन असतो, त्यातला लाल त्रिकोण सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. माझ्या मुलीने रंगांच्या नावांसोबत भीतीचा हा क्रमही पाठ केला होता. ती घरी राहणार म्हटल्यावर सासूबाईंना वावरात येता येत नसे, म्हणजे एका मजुराची मजुरी वाढे. आमच्या घरशाळेची फी ती होती, असे मी म्हणते.

ताईंनी विचारले की वेळ कोणाच्या वाट्याचा घेतला, म्हणून जे लिहायला अवघड जाते तेही लिहिते. काढणीला पेठ आणि सुरगाणा भागातून मजूर येतात, त्यांच्यासोबत त्यांची मुले येतात. चिंचेखाली माझी मुलगी पाटी घेऊन बसे आणि तिच्याच वयाची ती मुले धाकट्या भावंडांच्या झोळीला झोका देत बसत. माझी मुलगी काय आणि ती मुले काय, शाळेत कोणीच जात नव्हते, पण माझ्या मुलीच्या शिक्षणाला घरशाळा म्हणत आणि त्या मुलांची नोंद सरकारी कागदावर शाळाबाह्य अशी होत होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली होती, हे मी डी.एड.ला असताना शिकले होते, परीक्षेत उत्तरही लिहिले होते. ते आठवले आणि दुपारच्या सुट्टीत सगळ्यांना एकत्र बसवू लागले. दोन हंगाम जमले, तिसऱ्या हंगामात अवकाळी पावसाने मणी तडकले, आणि आमचे सगळे लक्ष कर्जाकडे गेले. त्या मुलांना मी जिल्हा परिषदेच्या शाळेत नेऊन बसवायला हवे होते. मी ते केले नाही.

नाशिकरोडहून

वरचे वाचून थोडा वेळ काही सुचले नाही.

आमच्याकडे वेळ सासऱ्यांनी दिला. ते इंडिया सिक्युरिटी प्रेसमधून निवृत्त झालेले आहेत आणि निवृत्तीनंतर घरात कोणाला काही समजावून सांगायला मिळावे म्हणून व्याकूळ होते. मी दिवसभर मुलाखती घेते (मनुष्यबळ विभागात आहे), त्यामुळे दहा ते सहा दार बंद. त्या काळात सासऱ्यांनी नातवाला केवळ टपाल तिकिटांवरून भूगोल शिकवला. प्रेस १९२५ मध्ये उभा राहिला आणि त्याआधी हिंदुस्थानची तिकिटे इंग्लंडमध्ये छापून येत असत, हे त्याला स्वतःच्या पत्त्याआधी पाठ झाले होते. अडचण अशी की आजोबांना तिकिटांपलीकडचे काही शिकवायचे नसे. ‘गुणाकार कधी?’ असे मी विचारले की ते म्हणत, ‘सूनबाई, एका पानावर किती तिकिटे आहेत ते तो आडवे-उभे मोजतोच आहे.’ हे खरे होते आणि तरी मला राग येत असे, कारण मुलाचे शिक्षण माझ्या बंद दारापलीकडे चालले होते आणि त्यात मी नव्हते.

सिडकोहून

मला हे जमले नाही, तेही इथे असावे म्हणून लिहिते.

मी घरून कामाचे फोन घेत असे, ताशी पैसे मिळत. एकटीच कमावती होते. दुपारभर अनोळखी माणसांशी गोड बोललेला माझा आवाज संध्याकाळी मुलीवर चढत असे, आणि एके दिवशी ती म्हणाली, ‘आई, माझ्याशी पण फोनवर बोल ना.’ त्यानंतर दोनच महिन्यांत मी तिला शाळेत घातले. एका शाळेने मागच्या शाळेचा दाखला नाही म्हणून परत पाठवले. वास्तविक २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ नुसार शाळेत न गेलेल्या मुलाला वयानुरूप इयत्तेत बसवायचे असते, म्हणून कायद्याची प्रत घेऊनच दुसऱ्या शाळेत गेले आणि तिथे तिला तिसरीत घेतले. पहिल्या दिवशी ती वर्गात उभी राहून बाईंना विचारत होती की मला तहान लागली आहे हे तुम्हाला सांगायचे असते का. आता ती मजेत आहे. मला वाईट वाटते ते शाळेचे नाही, त्या संध्याकाळींचे वाटते.

अंबडहून

सिडकोच्या ताई, दोन माणसांच्या पाळ्या असूनही आम्ही कसेबसे निभावले. आपण एकट्या होतात.

म्हसरूळहून

मुलगा सहा वर्षांचा आहे आणि आम्ही अजून विचारच करतो आहोत. थेट दहावीलाच बसवायचे, की मध्ये काही परीक्षा देता येतात? नातेवाईक ‘कागद दाखवा’ म्हणतात. शिवाय बुधवारी गंगेवरच्या (गोदाकाठच्या) बाजारात त्याला हिशेब करायला नेतो, तर तो मेथीच्या जुडीला घासाघीस करून जास्तच पैसे देऊन येतो, यावर कोणाकडे उपाय असल्यास कळवावा.

नाशिकरोडहून

मुक्त विद्यालयी संस्थेचा मुक्त मूलभूत शिक्षणाचा अभ्यासक्रम आहे, त्याचे अ, ब आणि क असे स्तर तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे धरतात. आमच्या मुलाने ब स्तर दिला तो केवळ त्याच्या आत्याला कागद दाखवता यावा म्हणून. दहावीच्या परीक्षेला मात्र वयाची १४ वर्षे पूर्ण असावी लागतात. मेथीचे म्हणाल तर मुलगा भाजीवाल्या मावशींच्या बाजूने आहे, त्याला तसेच राहू द्या.

इंदिरानगरहून

पोळी करपली, ती मीच खाल्ली. मी कशावर पाणी सोडले ते सांगायचे राहिले होते. बढती. साहेबांनी दोनदा विचारले, दोनदा मी नाही म्हणाले, आणि तिसऱ्यांदा त्यांनी विचारले नाही. माझ्या पतीचीही त्याच काळात बढती झाली. त्यांनी ‘नाही’ म्हणावे असे मला, त्यांना किंवा आमच्या दोन्ही घरांतल्या कोणालाही सुचले नाही, हे आज इथे लिहिताना प्रथमच ध्यानात आले. आता ते बाहेरच्या खोलीत मुलीला अपूर्णांक शिकवत आहेत, म्हणून आज काही बोलत नाही. उद्या बोलेन.

गंगापूर रोडहून, धागा सुरू करणारी

सगळे वाचले, दिंडोरीच्या ताईंचे दोनदा वाचले. त्या दोन ओळी अखेर मी लिहिल्या नाहीत. अर्ज मुलीपुढे ठेवला, तिने पुसून पुसून चार वेळा लिहिल्या आणि त्यात ‘ळ’ आला तेव्हा तो अजूनही उलट्याच बाजूने काढला. सिडकोच्या ताई, आपल्याला मला सविस्तर लिहायचे आहे, पण आज १९ तारीख आहे. परवा लिहिते.