मदत हवी आहे: बेसबॉलपटू बेब रूथचं चित्र खरं तैलचित्र की कॅनव्हासवरची छपाई?

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत राहतो. नवऱ्याला जुन्या बेसबॉलपटूंच्या हुबेहूब चित्रांचं भारी वेड. चित्रकार ग्रेग क्राइंडलरची चित्रं बघत तासन्‌तास बसतो. तो माणूस कृष्णधवल फोटोंवरून काम करतो आणि टोपीचा, मोज्यांचा नेमका रंग कोणता होता ते आधी शोधून काढतो. त्या काळच्या बऱ्याच फिल्मला लाल रंग जवळजवळ काळा दिसायचा आणि निळा फिकट, त्यामुळे नुसत्या अंदाजाने रंगवून भागत नाही.

तर, गेल्या रविवारी जुन्या वस्तूंच्या बाजारातून त्याने बेब रूथचं पाठमोरं चित्र आणलं. मागे चिठ्ठी: ‘१९२७, ६० होमरनचं वर्ष’. पण पाठीवर चक्क ३ नंबर! रूथच्या यँकीज संघाने शर्टावर नंबर घातले १९२९ मध्ये. मी बोट दाखवलं तर म्हणाला, "चिठ्ठी चुकली असेल, चित्र अस्सल आहे." (किंमत अजून सांगितलेली नाही, यातच काय ते समजा.)

रंगाचे उंचवटे बोटाला लागतात, पण फक्त शर्टाच्या घड्यांवर. चेहरा एकदम सपाट. भिंगातून गालावर बारीक ठिपके दिसले. छापलेल्या कॅनव्हासवर वरून थोडे ब्रश फिरवतात, तसलं काही असेल का? कडा आणि मागची बाजू कशी तपासायची? फ्रेम उघडली तर काही बिघडेल का? चित्रकला किंवा फ्रेमिंगमधलं कोणी असेल तर प्लीज सांगा. फोटो कमेंटमध्ये टाकते.