श्टुटगार्टमध्ये नोकरी आणि जुन्या घरमालकाचे पत्र नसताना भाड्याने घर कसे मिळवावे?

चाकणचा_अभियंता:
नमस्कार. मी चान्सनकार्टेवर, म्हणजे नोकरी शोधण्यासाठी मिळणाऱ्या परवान्यावर, दोन महिन्यांनी श्टुटगार्टला येत आहे. पगाराच्या पावत्या, शूफाचा (कर्ज व बिले वेळेवर फेडल्याची नोंद ठेवणाऱ्या जर्मन संस्थेचा) अहवाल आणि आधीच्या जर्मन घरमालकाचे 'भाडे थकलेले नाही' असे पत्र, यांपैकी माझ्याकडे काहीही नाही. श्पेरकोंटोत, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या बँक खात्यात, १३,०९२ युरो भरले आहेत आणि त्यातून दरमहा १,०९१ युरो मिळतील. एका खोलीच्या घरासाठी हीटिंग धरून कमाल ६५० युरो देता येतील. अशा स्थितीत कोणाला घर मिळाले असल्यास कृपया अनुभव सांगावा.

निळा_डोंगर:
सामानासह मिळणारे घरच घ्या. आम्ही श्टुटगार्टच्या डेगरलोख भागात १,३५० युरोंचे घेतले आणि एका दिवसाचाही मनस्ताप झाला नाही. बाल्कनीतून खाली खोलगट भागात वसलेले सारे शहर दिसते. यांच्या कंपनीने पत्र दिले होते, तसे तुम्हीही मागून घ्या.

चाकणचा_अभियंता:
धन्यवाद ताई, परंतु मला अजून कंपनीच नाही, आणि मर्यादा ६५० ची आहे.

दुधाने_पोळलेला:
घर पाहिल्याशिवाय एक युरोही पाठवू नका, हे मी हात जोडून सांगतो. मला एका जाहिरातदाराने कळवले होते की तो कामानिमित्त परदेशात आहे आणि डिपॉझिट जमा होताच किल्ली कुरिअरने येईल. त्याने पाठवलेल्या करारावर शिक्का आणि सही होती, शिवाय ओळखपत्राची प्रतही जोडलेली होती. मी ९०० युरो पाठवले. त्या पत्त्यावर गेलो, तर दार उघडणाऱ्या आजी तिथे कित्येक वर्षांपासून राहत होत्या. पैसे आजतागायत मिळालेले नाहीत.

नेकारकाठ:
मी नोकरीविना आलो होतो, म्हणून सविस्तर लिहितो. भाडे उत्पन्नाच्या साधारण एक तृतीयांश असावे, असा येथील घरमालकांचा हिशेब असतो. त्यामुळे तुमचे १,०९१ पाहून मोठ्या गृहसंस्था अर्ज बाजूला ठेवतील. एक-दोन घरे असलेल्या खाजगी मालकांना गाठा. तुमच्या पुण्यातल्या भाड्याच्या घराचा नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार, त्याच्या पहिल्या पानाचा जर्मन अनुवाद, भाडे दरमहा वेळेवर गेल्याचे दोन वर्षांचे बँक स्टेटमेंट आणि तिथल्या मालकाचे पत्र यांची एकच पीडीएफ करा. मला घर मिळाले ते याच कागदांवर. शूफाकडे तुमची अजून नोंदच नसणार, तेव्हा तो अहवाल विकत घेऊ नका. पुढे गरज पडल्यास स्वतःच्या नोंदींची प्रत कायद्याने मोफत मिळते.

तात्या_बॉब्लिंगेन:
एवढा खटाटोप कशाला? सहा महिन्यांचे भाडे आगाऊ देतो म्हणावे, मालक लगेच तयार होतो. माझ्या भाच्याने तसेच केले.

नेकारकाठ:
तात्या, क्षमा करा, हा सल्ला धोक्याचा आहे. डिपॉझिट हीटिंगशिवायच्या मूळ भाड्याच्या तिपटीहून अधिक घेता येत नाही, भाडेकरूला ते तीन मासिक हप्त्यांत देता येते आणि मालकाला ती रक्कम स्वतःच्या पैशांपासून वेगळी ठेवावी लागते. आगाऊ भाड्याला असे संरक्षण नाही, आणि नवख्या माणसाचे सर्व पैसे एकाच ठिकाणी अडकतात.

अंगणवाली:
केरवोखेची, म्हणजे भाडेकरूंनी पाळीपाळीने इमारत साफ करण्याच्या पद्धतीची, चौकशी आधीच करा. आमच्या इमारतीत दाराच्या मुठीला पाटी अडकवली जाते, आणि ज्यांच्या दाराला ती असेल त्यांनी त्या आठवड्यात जिना झाडून पुसायचा. मी एकदा कठडा पुसायला विसरले, तर शेजारच्या बाईंनी ओल्या फडक्यासह येऊन दाखवून दिले.

निळा_डोंगर:
आमच्याकडे सफाईला माणूस येतो आणि त्याचा खर्च मासिक शुल्कातच असतो. म्हणून म्हणते, सामानासह मिळणारे घर घ्या.

अंगणवाली:
सफाईचा आणि सामानाचा काय संबंध? ते करारात काय लिहिले आहे त्यावर ठरते.

दुधाने_पोळलेला:
पोटभाड्याने खोली घेतल्यास आनमेल्डुंगसाठी, म्हणजे सरकारी कार्यालयातल्या पत्त्याच्या नोंदणीसाठी, घर देणाऱ्याचे लेखी पत्र मिळेल का, हे पहिल्याच भेटीत विचारा. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत नोंदणी करावी लागते आणि त्या पत्राशिवाय ती होत नाही. आणि पुन्हा सांगतो, घर पाहिल्याशिवाय पैसे नकोत.

तात्या_बॉब्लिंगेन:
पहिले तीन महिने कोणाच्या तरी घरातली खोली घ्यावी, हेच उत्तम.

चाकणचा_अभियंता (अडीच महिन्यांनंतर):
सर्वांचे मनापासून आभार. खोली किंवा सामानासह घर घ्यावे, असे बहुतेकांचे मत होते, तरी मी श्टुटगार्टजवळच्या एसलिंगेनला एका खोलीचे रिकामे घर घेतले आहे. मूळ भाडे ४८० आणि हीटिंगसह ६१० युरो आहे, आणि डिपॉझिटचा ४८० चा पहिला हप्ता दिला. घर स्वतः जाऊन पाहिले. मालकीणबाईंनी पुण्याच्या कराराचा अनुवाद शांतपणे वाचला, स्टेटमेंटमधल्या भाड्याच्या तारखांवरून बोट फिरवले आणि जिना पुसण्याची तयारी आहे का, एवढेच विचारले. स्वयंपाकघरात ओटा नाही आणि सिंकही नाही. भिंतीतून दोन नळ आणि एक जाड वायर तेवढी बाहेर आलेली आहे. वर्षभर जागा बदलावी लागणार नाही, हे मला अधिक मोलाचे वाटले. एसलिंगेनच्या आसपास कोणाला वापरलेले सिंक आणि विजेची शेगडी विकायची असल्यास कृपया कळवावे. मी शनिवारी येऊन घेऊन जाईन.