वान रोड, धुळघाट आणि ‘वाघाने खाल्लेली गाडी’

सातपुडा_पायवाट (जळगाव):
ती ‘वाघाने खाल्लेली गाडी’ पोस्ट काल दिवसभर फिरत होती. लेखकाचं म्हणणं असं, की अकोला-खंडवा ही अरुंद रुळांची मीटरगेज गाडी होती तोवर मेळघाट गोरगरिबांचा होता. चिल्लर मोजून तिकीट काढा, वान रोड नाहीतर धुळघाटला उतरा, की आलं राष्ट्रीय उद्यान. मग वन्यजीववाल्यांनी गाडी मारली आणि जंगल जिप्सीवाल्यांच्या हवाली केलं. खाली बदामांचा पाऊस.

गाडीशी माझं वैर नाही. पण रडायचं तर खरं रडा. गुगामल राष्ट्रीय उद्यान म्हणजे मेळघाटचा गाभा, कोलकास-ढाकण्याकडचा. तिकडे माणूस आजही परतवाड्यावरून सेमाडोहमार्गे जातो आणि गाडी होती तेव्हाही तसाच जायचा. वान रोड, धुळघाट पश्चिमेच्या टोकाला, मध्ये डोंगरच डोंगर. धुळघाटला उतरून कोलकासला गेलेला एक पर्यटक आणून दाखवा, त्याला भरीत-पुरी माझ्याकडून. गुगामलला त्यातल्या त्यात जवळचं स्टेशन अचलपूरचं, म्हणजे ‘शकुंतला’ या छोट्या गाडीचं. तेही किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीने वऱ्हाडचा कापूस न्यायला आणलं होतं. उद्यानासाठी तिकडे कुणी फलाट बांधलाच नाही.

आणि गाडी ‘मारली’ म्हणजे काय? ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांची, करायची होती म्हणून २०१७ मध्ये मीटरगेज बंद झाली. अकोला-अकोट झालं, २०२२ पासून गाडी धावतेय. वाद फक्त पुढच्या तुकड्याचा, कारण त्यातले जवळपास ३९ किलोमीटर व्याघ्र प्रकल्पाच्या पोटातून जातात. २०२० मध्ये मुख्यमंत्री असताना उद्धव ठाकरे यांनी रेल्वेमंत्र्यांना पत्र लिहिलं, की मार्ग बाहेरून न्या, तिकडच्या गावांनाही गाडी मिळेल. पुढे रेल्वेनेही वळसा मान्य केला. यात वाघाने काय खाल्लं?

मीनाक्षीचा_डबा (सावदा):
पोस्ट माझीच आहे ताई. नाव न घेता ठोकण्यापेक्षा सरळ बोलायचं होतं.

नकाशा मलाही वाचता येतो. माझी आजी हिवरखेडची. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही रावेरहून खंडव्याला जायचो आणि तिथून मीटरगेज धरायचो. जयपूरहून हैदराबादकडे जाणारी मीनाक्षी एक्सप्रेस त्याच रुळावरून जायची. धुळघाटला गाडी डोंगराला गोल वेढा घालून स्वतःच्याच रुळावरून पुन्हा पलीकडे जाते, ते खिडकीतून मान काढून पाहिलंय आम्ही. आजी ओरडायची, मान आत घे. कोरकू आदिवासी बाया मोहाच्या टोपल्या घेऊन चढायच्या. आमच्यासाठी तेच मेळघाट होतं. तुमचं गुगामल सरकारी कागदावर कुठे सुरू होतं, याच्याशी त्या बायांना काय देणंघेणं?

आणि रूळ आधी आले, व्याघ्र प्रकल्प १९७३-७४ चा. पाहुणा कोण आणि घरचा कोण, ते आधी ठरवा.

लोको_पेन्शनर (भुसावळ):
रूळ आधी हे बरोबर. मात्र मूळ पोस्टमध्ये तुम्ही ‘इंग्रजांनी बांधलेली’ लिहिलंय, ते चूक. खंडवा-हिंगोली जोडणी स्वातंत्र्यानंतरची आहे. त्या आधी उत्तरेची मीटरगेज आणि निजामाकडची मीटरगेज यांच्यात सातपुडा आडवा पडलेला होता.

दुसरं असं, मीटरगेजच्या दोन-चार गाड्या घाटात धापा टाकत चढायच्या. जनावर समोर आलं तर ड्रायव्हरला शिटी मारायला वेळ मिळायचा. ब्रॉडगेज झाली की त्यावर दिवसरात्र मालगाड्या पळणार. सिलिगुडी-अलिपूरद्वार मार्ग ब्रॉडगेज झाल्यावर तिथे किती हत्ती कापले गेले ते शोधून वाचा. लांब जायचं नसेल तर चंद्रपूर घ्या. २०१८ मध्ये जुनोन्याच्या जंगलात बल्लारशा-गोंदिया मार्गावर वाघाचे तीन बछडे रेल्वेखाली गेले.

पीजेवाला_पहूर:
वाघांवर किती ती माया! आमच्या पाचोरा-जामनेर छोट्या गाडीला, पीजेला, तर एकही वाघ आडवा नव्हता ना? मग ती का बंद?

मीनाक्षीचा_डबा (सावदा):
आला पीजेवाला. आता पीजेच चालणार.

पीजेवाला_पहूर:
चालणारच. रुळावर चालत नाही तर इथे तरी चालू द्या. १९१८-१९ च्या सुमाराची गाडी. लॉकडाऊनात थांबवली ती थांबलीच. बोदवडमार्गे मलकापूरपर्यंत ब्रॉडगेज होणार म्हणून पेढे वाटले होते आमच्याकडे. पेढ्याची खोकी अजून माळ्यावर आहेत, गाडी नाही. शेंदुर्णीची पोरं पाचोऱ्याला कॉलेजला पासवर जायची, आता काळीपिवळीत कोंबली जातात.

आणि स्टेशनाच्या गप्पा मारता तर ऐका. अजिंठ्याला खरं जवळचं स्टेशन पहूर. तिथून लेण्यांजवळचं फर्दापूर हाकेच्या अंतरावर. जगभरचे लोक जळगावला उतरतात आणि आमच्या दारावरून टॅक्सीने पुढे जातात. शंभर वर्षांत एकदाही कुणाच्या डोक्यात आलं नाही, की पहूरच्या पाटीवर ‘अजिंठ्यासाठी इथे उतरा’ लिहावं.

खान्देशी_हिरवळ (धुळे):
आते काय सांगू भो तुले. पीजेचा वेग पाहता अजिंठ्याचे पाहुणे पाचोऱ्याहून पहूरला पोचेपर्यंत आणखी एक लेणं कोरून झालं असतं.

पीजेवाला_पहूर:
हसा. धुळ्याला चाळीसगावहून गाडी येते ना, म्हणून हसू सुचतं. तुमची आठ दिवस बंद ठेवा, मग बोलू.

सातपुडा_पायवाट (जळगाव):
अजिंठ्याचा वेगळा धागा काढा ना दादा, मी स्वतः येऊन भांडते. इथे विषय मेळघाटचा आहे.

पीजेवाला_पहूर:
विषय एकच आहे ताई. शकुंतला किलिक-निक्सनच्या ज्या सेंट्रल प्रोव्हिन्सेस कंपनीची, पीजेही तिचीच. छोट्या गाड्या गरिबांच्या, त्या मरतात. कुठे वाघाचं निमित्त, कुठे साथीचं. शकुंतलेच्या वाटेत कोणता वाघ होता, सांगा.

मीनाक्षीचा_डबा (सावदा):
हे मात्र लाखातलं बोललास भो. घेतला तुला पक्षात.

खान्देशी_हिरवळ (धुळे):
गरिबांचा एवढा कळवळा आहे तर केलपाणी, गुल्लरघाट, बारुखेडा, नागरतास ही नावं पोस्टमध्ये का नाहीत? ती गावं जंगलातून उठवून अकोट-तेल्हाऱ्याकडे बसवली. तिथे हाल झाले म्हणून काही लोक २०१९ मध्ये परत जंगलात शिरले आणि वनखात्याशी हाणामारी झाली. ज्यांच्यासाठी वान रोडला गाडी थांबायची त्यांनाच उठवलं. आता फलाटावर चढणार कोण, उतरणार कोण? तुमच्या आठवणीतल्या टोपल्या तेवढ्या सुंदर, टोपलीवाली कुठे गेली त्याची चौकशी नाही.

आणि ताई, तुम्हालाही विचारतो. परतवाडा-सेमाडोह-हरिसाल-धारणी रस्ता कुठून जातो? त्याच वाघाच्या घरातून. त्यावर ट्रक पळतात, एसट्या पळतात. त्याला वळसा घाला म्हणून तुमची सह्यांची मोहीम कुठे दिसली नाही.

सातपुडा_पायवाट (जळगाव):
रस्त्याबद्दलही बोलतो आम्ही. तुम्ही वाचत नाही, तो माझा दोष नाही. गावांबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे, पुनर्वसनाची लाज वाटावी अशीच गत झाली. पण त्यावर उपाय म्हणून रात्रीच्या मालगाड्या? उठवलेल्या माणसाला त्यातून काय मिळणार, कोळशाचा धूर?

लोको_पेन्शनर (भुसावळ):
धूर नाही, विजेचं इंजिन असेल.

सातपुडा_पायवाट (जळगाव):
काका!! तुम्ही माझ्या बाजूने आहात ना?

मीनाक्षीचा_डबा (सावदा):
काका कुणाच्याच बाजूने नाहीत, ते भुसावळच्या बाजूने आहेत. आज अकोल्याहून खंडव्याला जायचं तर भुसावळला वळसा, २६० च्या वर किलोमीटर. सरळ मार्ग पावणेदोनशेच्या आत. तो झाला की हैदराबाद-इंदूरच्या गाड्या भुसावळला टाटा करून निघून जातील. भुसावळकरांना अचानक वाघ का आवडायला लागला, ते समजून घ्या मंडळी.

लोको_पेन्शनर (भुसावळ):
सांभाळून बोला. इंजिनावर आयुष्य गेलंय माझं, जंक्शनची दलाली केली नाही. रुळावर मेलेलं जनावर बाजूला ओढलंय या हातांनी. बाहेरच्या मार्गालाही माझी हरकत नाही, म्हणजे सरळ गाड्या जाणारच आहेत, तीसेक किलोमीटर जास्त पडतील एवढंच. मग माझा स्वार्थ कुठे आला? बारमाही भांडायचं असेल तर हिशेब तरी शिकून या.

मीनाक्षीचा_डबा (सावदा):
बरं काका, तुमचा स्वार्थ नाही, संत आहात तुम्ही. पण वळशाचा मार्ग कागदावरून जमिनीवर उतरेस्तोवर माझी नातवंडं पेन्शनीत निघतील, हे तरी मान्य करा.

लोको_पेन्शनर (भुसावळ):
ते मान्य.

संचालक:
आडनावं काढून केलेले दोन प्रतिसाद उडवले आहेत. तिसरा आला तर धागा बंद.

केळीचा_घड (रावेर):
कायले भांडता भो एवढं. मूळ पोस्टचा मुद्दा असा, की स्टेशन असलं म्हणजे साधा माणूस जंगल पाहायला जातो. मग आपलं यावल अभयारण्य घ्या. १९६९ पासून आहे. रावेर, सावदा ही दोन्ही स्टेशनं दिल्ली-मुंबईच्या मुख्य लाइनवर, तिथून अभयारण्यातलं पाल तासाभराच्या आत. वळसा नाही, ३९ किलोमीटरचा वाद नाही. मीनाक्षी भाऊ, तुमच्या घरातून तर गाडीची शिटी ऐकू येते. पालच्या जंगलात शेवटचे कधी गेलात?

मीनाक्षीचा_डबा (सावदा):
पालला काय आहे? वाघ तरी आहे का?

केळीचा_घड (रावेर):
हे बघा! म्हणजे वाघ पाहिजेच. आणि वाघासाठी जंगल सलग पाहिजे. मेळघाट-अंबाबरवा-वढोदा-यावल हा त्याचा रस्ता आहे. मुक्ताईनगरकडे डोलारखेड्याला वाघ येतो तो आभाळातून पडत नाही. रस्ता मध्येच तोडला तर आपल्याकडे उरतील फक्त केळीच्या बागेतले बिबटे. ते माझ्याकडे आहेत, कुणाला पाहिजे तर घेऊन जा.

पीजेवाला_पहूर:
मलकापूर लाइन बोदवडवरून जाणार, तिला हा वाघ आडवा येणार का? आधीच सांगून ठेवा, म्हणजे आम्ही आशा सोडतो.

केळीचा_घड (रावेर):
नाही येणार हो. तुमच्या गाडीला वाघ लागतच नाही, नुसती फाइल पुरते.

सातपुडा_पायवाट (जळगाव):
केळीदादा, रविवारी पालला येते. सोबत आणखी चार जण आहेत.

केळीचा_घड (रावेर):
या ना ताई. स्टेशनवर गाडी पाठवतो. मीनाक्षी भाऊ, तुम्ही पण या, तुम्हाला तर मध्ये एकच स्टेशन.

मीनाक्षीचा_डबा (सावदा):
येतो. पण सकाळची पॅसेंजर सावद्याला किती वाजता थांबते, ते काकांना विचारून सांगा. मला हिशेब येत नाही म्हणे.