कॉडलिंग मॉथ: मादीचा वास आणि नाशपातीचा वास एकाच रिसेप्टरला कसा कळतो?

मिशीवाला_पतंग:
कोणीतरी नीट समजावून सांगा प्लीज. सफरचंद पोखरणाऱ्या कॉडलिंग मॉथच्या कामगंध सापळ्यात फक्त नर येतात हे ठीक आहे, कारण ल्यूरमध्ये (सापळ्यातल्या आमिषात) मादीचं फेरोमोन, म्हणजे नराला बोलवणारा वास, कॉडलेमोन असतं. पण नाशपातीच्या वासाचं पेअर एस्टर लावलं की नर मादी दोन्ही येतात, आणि आता वाचलं की ओआर३ नावाचा रिसेप्टर (वास ओळखणारं प्रोटीन) या दोन्ही वासांना प्रतिसाद देतो. मग पतंगाचा गोंधळ होत नाही का, समोर मादी आहे की फळ? आणि दुसरं म्हणजे हा रिसेप्टर बनवणारा जीनच क्रिस्परने (जीन कापून बदलायच्या तंत्राने) उडवला तर कीड खल्लास ना?

गंधसंशोधक:
गोंधळ व्हायचं कारणच नाही, कारण या पतंगाची मादी भेटते कुठे, तर फळझाडावरच. नराला कॉडलेमोन आणि पेअर एस्टर एकत्र मिळाले तर मेंदूतल्या वासाच्या केंद्रात प्रतिसाद उलट वाढतो, हे मोजून बघितलेलं आहे.

आता जीन्सकडे. पतंगाच्या मिशीवर बारीक केस असतात, त्यांना छिद्रं असतात, वासाचा रेणू त्यातून आत शिरतो, आतल्या द्रवातलं प्रोटीन त्याला धरून चेतापेशीपर्यंत नेतं आणि तिथे रिसेप्टर असतो. हा रिसेप्टर एकटा काही करू शकत नाही, त्याला ऑर्को नावाचा जोडीदार लागतो, दोघं मिळून आयन चॅनल, म्हणजे पेशीत विद्युतभारित कण आत सोडणारं दार बनतं. वास कुठला ते रिसेप्टर ठरवतो, ऑर्को मात्र जवळजवळ सगळ्या कीटकांमध्ये सारखाच.

ओआर३ची गंमत अशी की वंशवृक्षात तो फेरोमोन रिसेप्टरच्या फांदीवर बसतो, पण त्याला सगळ्यात जास्त चेतवतो तो पेअर एस्टर. २०१९ मध्ये कॉडलिंग मॉथचा पूर्ण जीनोम (सगळ्या जीन्सचा नकाशा) आला तेव्हा दिसलं की या जीनची दुसरी प्रत तयार झालीय, ओआर३ए आणि ओआर३बी, आणि दोन्ही प्रती पेअर एस्टर आणि कॉडलेमोन दोन्ही ओळखतात. वासाच्या जीन्समध्ये हे सारखंच चालू असतं, प्रत होते, एखादी बदलते, एखादी निकामी होऊन पडून राहते.

बागायतदार_आणि_वाचक:
वर सांगितलंय ते बरोबर, फक्त बागेतला मुद्दा राहिला. जिथे मेटिंग डिसरप्शन, म्हणजे बागभर फेरोमोन पसरवून नराला मादी सापडू न देणं, चालू असतं तिथे हवाच कॉडलेमोनने भरलेली असते, त्यामुळे साध्या सापळ्यात काही सापडत नाही आणि कीड गेली असं वाटतं, फळं मात्र आतून सडत असतात. म्हणून पेअर एस्टर घातलेले ल्यूर वापरतात, मादीही अडकते. शिवाय अंड्यातून नुकती निघालेली अळीसुद्धा त्या वासाकडे जाते, आणि एकदा का ती फळात शिरली की फवारणी करून उपयोग नाही. फवारणीची खरी वेळ अळी फळात शिरेपर्यंत, तेवढीच असते.

क्रिस्पर_डोकं:
खल्लास वगैरे इतकं सोपं नाहीये हो. ऑर्को उडवला की पतंग जवळजवळ बहिरा, म्हणजे नाकाने बहिरा होतो, २०१६ मध्ये स्पोडोप्टेरा या दुसऱ्या पतंगाच्या नरांवर करून बघितलं तर ते ना फेरोमोन ओळखत होते ना झाडांचे वास. पण असा पतंग बागेत सोडून काय होणार, जोडीदारच सापडला नाही तर जीन पुढे जाणार कसा? आणि २०१७ मध्ये कॉडलिंग मॉथच्याच ओआर१ या दुसऱ्या रिसेप्टरच्या जीनवर क्रिस्पर वापरलं तर अंड्यांची संख्या आणि त्यातून अळ्या निघणं यावरच परिणाम झाला, वासाचं राहिलं बाजूला. म्हणजे हे जीन्स फक्त वासापुरतेच असतात असं धरून चालू नका.

मला हेलिकोव्हर्पातलं (बोंडअळीच्या पतंगातलं) उदाहरण जास्त भारी वाटतं. अपरिपक्व मादी एक विशिष्ट अल्कोहोल जास्त सोडते, नराचा ओआर१६ रिसेप्टर ते ओळखतो आणि तो लांब राहतो. हा जीन उडवला तर नर अशा मादीशीही मिलन करतो आणि अंडी वाया जातात. वाट चुकवायला हा जीन बरा.

मिशीवाला_पतंग:
भारी. मग फेरोमोन सारखं सारखं लावलं तर कीटकनाशकासारखी याचीही सवय होते का त्यांना?

गंधसंशोधक:
होऊ शकते. जपानमध्ये चहाच्या पानं गुंडाळणाऱ्या पतंगावर १९८३ पासून एकच घटक असलेलं फेरोमोन वापरलं आणि नव्वदच्या दशकात काही भागात त्याचा परिणाम घसरला. मादीच्या खऱ्या वासात अनेक घटकांचं मिश्रण असतं, ते तसंच पूर्ण वापरल्यावर परत काम झालं. म्हणून मी तर म्हणेन एकाच रेणूवर विसंबू नका, कॉडलिंग मॉथमध्ये तर पेअर एस्टरसारखा दुसरा वास आयता हाताशी आहे.