खेड्यातल्या तरुणांना एचआयव्हीची माहिती कमी पडते की आडोसा?

रानपाखरू
मत थोडं टोकाचं आहे, आधीच सांगतो. खेड्यात एचआयव्ही प्रतिबंध म्हणून जे चालतं त्यात निम्म्याहून जास्त भाषणं असतात. १ डिसेंबर, म्हणजे जागतिक एड्स दिन आला की प्रभातफेरी, पाहुणे, शपथ, लाल फीत लावून फोटो. त्या फेरीतल्या एखाद्या पोराला दुसऱ्या दिवशी कंडोम हवा असेल तर तो कुठून आणणार, हे कुणी बोलत नाही. औषध दुकानदार वडिलांच्या ओळखीचा. आरोग्य केंद्रातली सिस्टर शेजारच्या गल्लीतली. चाचणीच्या खोलीवर लांबून वाचता येईल अशी पाटी आणि समोरच्या बाकावर अर्धा गाव बसलेला. शहरात दोन चौक ओलांडले की तुम्हाला कोणी ओळखत नाही. खेड्यात पोराने पाऊल कुठे टाकलं ते त्याच्या आधी घरी पोचतं.

पुरावा हवा असेल तर टांझानियातलं म्वान्झा बघा. तिथल्या २० ग्रामीण वस्त्यांमध्ये १९९०च्या दशकाअखेरीस 'मेमा क्वा विजाना' हा मोठा प्रयोग सुरू झाला. निम्म्या वस्त्यांत शाळेत वर्षानुवर्षं धडे दिले, उरलेल्या निम्म्या तुलनेसाठी ठेवल्या. मुलांचं ज्ञान वाढलं, आणि २००७-०८ साली पुन्हा तपासलं तेव्हाही ते टिकून होतं. एचआयव्हीच्या प्रमाणात मात्र दोन्हीकडे म्हणावा असा फरक नव्हता. म्हणजे माहिती पोचली आणि विषाणू थांबला नाही. माझं म्हणणं, भाषणांचा पैसा आडोशावर घाला. घरी करायची चाचणी, न मागता उचलता येणारे कंडोम, प्रतिबंधक गोळ्या. बोला.

फळा_खडू
साफ असहमत. म्वान्झाचा दाखला तुम्ही सोयीपुरता अर्धा दिलात. त्या प्रयोगात नुसते धडे नव्हते. आरोग्य कर्मचाऱ्यांना तरुणांशी कसं वागायचं याचं प्रशिक्षण होतं आणि वस्तीत कंडोम पोचवण्याची व्यवस्थाही होती. धडे हरले म्हणायचं असेल तर तुमच्या लाडक्या सेवाही त्याच मैदानात हरल्या.

आणि माहिती आहे हे गृहीतच मुळात चुकीचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) एचआयव्हीची पुरेशी, गैरसमजमुक्त माहिती असलेल्या स्त्रिया २१.६ टक्के आणि पुरुष ३०.७ टक्के निघाले, तेही शहरं धरून. मी विज्ञान शिकवतो. वर्गात निनावी चिठ्ठ्यांचा डबा ठेवतो. त्यातून डास चावून होतो का, एकदाच केलं तर होतो का, समोरचा धडधाकट दिसत असेल तर कशाला घाबरायचं, हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. शेवटचा सगळ्यात घातक, कारण लागण झालेला माणूस कित्येक वर्षं धडधाकटच दिसतो. ज्याला हे ठाऊक नाही तो तुमचा फुकटचा कंडोम उचलेलच कशाला?

रानपाखरू
सर, सेवा होत्या हे मान्य. पण कंडोम वाटायला नेमली होती वस्तीतलीच तरुण पोरं! ज्याच्याबरोबर संध्याकाळी कट्ट्यावर बसायचं त्याच्याकडेच मागायचे. याला मी आडोसा म्हणत नाही.

चिंतातुर_बाप
दोघंही एकाच गाडीत बसून भांडताय. कंडोम शाळेत सांगायचा की पेटीत ठेवायचा, एवढाच तुमचा वाद. सोळा वर्षांच्या पोराला 'थांब' म्हणणारं इथे कोणीच नाही का? मला जुनाट म्हणा, चालेल. युगांडात १९९०च्या दशकात प्रमाण खाली आलं ते संयम आणि एकनिष्ठता सांगून, हे तुम्हीही वाचलं असेल. कंडोम हातात ठेवला की पोर त्याला परवानगी समजणार.

जांभूळवाट
काका, युगांडात तेव्हा गाजलेलं घोषवाक्य होतं 'झिरो ग्रेझिंग', म्हणजे बाहेर चरायला जाऊ नका. त्याचा रोख मुख्यतः कर्त्या पुरुषांवर होता. पोरांना 'थांब' सांगण्याचा खर्चिक प्रयोग नंतर अमेरिकेच्या पैशाने झाला. लग्नापर्यंत संयम आणि मग एकनिष्ठता, या प्रचारावर २००४ ते २०१३ या काळात आफ्रिकेत १.४ अब्ज डॉलरहून जास्त गेले. २०१६ साली संशोधकांनी हा पैसा मिळालेल्या आणि न मिळालेल्या अशा २२ देशांतली आकडेवारी तपासली, तर पहिल्या संबंधाचं वय, जोडीदारांची संख्या, अल्पवयीन गरोदरपण, कशातच त्या पैशाचा परिणाम सापडला नाही. परवानगीचंही तसंच. युनेस्कोने जगभरचे अभ्यास एकत्र करून पाहिले आहेत. लैंगिक शिक्षणामुळे मुलं लवकर सुरुवात करतात असं त्यातून दिसत नाही.

चिंतातुर_बाप
अभ्यास तुमच्याकडे, पोरं माझ्याकडे.

ओपीडी_नंबर_तीन
पाटीचं आणि सिस्टरचं वर आलंय म्हणून लिहिते. मीच ती सिस्टर.

तरुण मुलगा कधीच 'मला टेस्ट करायची आहे' म्हणत येत नाही. अशक्तपणा वाटतो, चक्कर येते, टॉनिक द्या. मी रक्तदाब घेते, तो खालमानेने बसतो. पुढचा पेशंट आत आला की उठतो आणि दारापाशी घुटमळतो. गर्दी सरली की परत येतो, तेव्हा खरं बोलणं निघतं. त्यामुळे मी पाटी काढायला लावली, त्याच खोलीत साखर आणि हिमोग्लोबिनही तपासायला घेतलं. आता बाकावरच्यांना कळत नाही कोण कशाला आलंय. याला पैसे लागले नाहीत, एक टेबल हलवावं लागलं. एवढ्यापुरता रानपाखरूंचा मुद्दा शंभर टक्के खरा.

पण घरी करायच्या चाचणीवर माझी हरकत घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ सालीच तिची शिफारस केली आहे, वाईट म्हणत नाही. बोटाला सुई टोचायची, थेंब पट्टीवर टाकायचा, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. समजा, एकोणीस वर्षांच्या पोराला रात्री बारा वाजता दोन रेघा दिसल्या. आता? ही लागणीची खात्री नव्हे, केंद्रात पुन्हा तपासून ठरवावं लागतं, हे त्या खोलीत त्याला कोण सांगणार? आणि एकच रेघ आली तर उलटी गंमत. मागच्या आठवड्यात जोखीम घेतलेली असते, एवढ्या लवकर चाचणीत काही दिसतच नाही. तीन महिन्यांनी परत करायची असते. तो मात्र 'सुटलो' म्हणून मोकळा. किट द्या, पण सोबत फोनवर बोलणारा माणूसही द्या. १०९७ ही हेल्पलाइन आहे, ती किती पोरांना माहीत आहे ते फळा_खडू सरांनी वर्गात विचारून बघावं.

शिवाय ज्याच्याबद्दल कोणीच लिहिलं नाही ती पेपची गोळी. जोखीम घडल्यावर लागण टाळायला जितक्या लवकर होईल तितक्या लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करायची आणि २८ दिवस घ्यायची. कंडोम फाटला, बळजबरी झाली, अशा वेळी हेच एक हत्यार हातात असतं. पोरं येतात ती चौथ्या-पाचव्या दिवशी. कारण दोन दिवस घाबरण्यात जातात आणि तिसरा गाडी मिळवण्यात.

पाटलाचा_नातू
एवढा घोळ कशाला? लग्नाआधी दोघांचा रिपोर्ट सक्तीचा करा, विषय संपला.

जांभूळवाट
अमेरिकेत इलिनॉय राज्याने १९८८ साली नेमकं हेच केलं होतं. पहिल्या सहा महिन्यांत ७०,८४६ जणांची चाचणी झाली, पॉझिटिव्ह निघाले ८. लोक शेजारच्या राज्यांत जाऊन लग्नं लावायला लागले, लग्नाचे परवाने पाचातला एक कमी झाला आणि १९८९ साली कायदा रद्द झाला. भारतातही २०१७च्या एचआयव्ही कायद्याने चाचणीला माहितीपूर्ण संमती लागते. आणि रिपोर्ट खेड्यात सोयरिकीच्या बैठकीत फिरला की काय होईल, ते नातवांना सांगायला नको.

उशिरा_आलेली
मी पॉझिटिव्ह आहे. लग्नातून झालेलं आहे, म्हणून दोन्ही बाजूंना विचारते.

फळा_खडू सर, मला माहिती होती. दहावीत मुळाक्षरांसारखं पाठ होतं, चार मार्गांनी पसरतो वगैरे. रानपाखरू, तुमची पेटी रस्त्याच्या कडेला ठेवली असती तरी मी काय करणार होते? नव्या नवरीने कंडोम काढला तर प्रश्न एकच येतो, हे तुला कसं माहीत? नवरा वयाने मोठा, बाहेरगावी कामाला, सणासुदीला येणारा. 'नाही' म्हणायला जे लागतं ते कोणत्या धड्यात नाही आणि कोणत्या पेटीत नाही. म्वान्झात आकडा का हलला नाही यावर तुम्ही दोघं भांडलात. तिथल्या मुलींचे जोडीदार अनेकदा वयाने मोठे, पैसे किंवा भेटवस्तू देणारे. अशा मुलीला ज्ञान देऊन ती वापरणार कुठे?

लग्नाआधीच्या रिपोर्टनेही मी वाचले नसते. लागण त्यालाच लग्नानंतर झाली.

माझ्या मते पैसा बाईच्या एकटीच्या हातात राहील अशा गोष्टीवर घाला. डॅपिव्हिरिनची रिंग आहे, लागण रोखणारं औषध सोडणारी, योनीत बसवायची, महिनाभर आत राहते, कोणाला विचारावं लागत नाही. लागण रोखणारं लेनाकापाविरचं इंजेक्शन सहा महिन्यांतून एकदा. २०२४ साली दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत १६ ते २५ वयाच्या २,१३४ मुलींनी ते घेतलं, एकीलाही लागण झाली नाही. प्रतिबंधक गोळ्यांची डबी सासू शोधून काढते. इंजेक्शन कोण शोधणार?

आणि एक. मी रोज गोळी घेते, विषाणू तपासणीत सापडत नाही इतका कमी आहे. असं टिकलं की लैंगिक संबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही. लागण झालेल्याला भिऊन दूर ठेवण्यापेक्षा औषधावर ठेवलं तर गावाचाच फायदा आहे. १ डिसेंबरच्या भाषणात एवढं वाक्य तरी घाला.

रानपाखरू
ताई, इंजेक्शन माझ्याच बाजूचं आहे, आडोसा म्हणजे तेच. पण नवऱ्याचा मुद्दा माझ्या यादीत बसत नाही, हे खरं. वीस वर्षांच्या अविवाहित पोराचा विचार करून मी लिहिलं होतं.

फळा_खडू
आणि ते इंजेक्शन आहे हे मुलीला कळणार कुठून? फिरून माझ्याच वर्गात आलात.

ओपीडी_नंबर_तीन
वर्गात सांगाल हो सर, पण अठराच्या आतल्या मुलांचं काय? चाचणीला पालकांची संमती लागते. वर २०१२च्या पॉक्सोमुळे अठराखालच्या मुलीने संबंध आल्याचं सांगितलं, तर तिच्या मर्जीने असला तरी मला पोलिसांना कळवणं भाग आहे. लेकराने तोंड उघडायच्या आधी मीच धास्तावते. दक्षिण आफ्रिकेत बारा वर्षांपासून मूल स्वतः चाचणीला संमती देऊ शकतं, आणि त्या वयापुढे कंडोम नाकारता येत नाही.

चिंतातुर_बाप
बारा? अजिबात नाही. माझ्या पोराच्या अंगात सुई जाणार आणि मला पत्ता नाही, हे मी चालू देणार नाही. ७२ तासांचं तेवढं शाळेत सांगा, त्याला ना नाही.

ओपीडी_नंबर_तीन
बरं. सांगितलं. त्याला कळलं की आज रात्रीच निघायला हवं. पहिली सही तुमची लागणार. तो उठवेल तुम्हाला?

चिंतातुर_बाप
माझा उठवेल.

उशिरा_आलेली
तुमचा उठवेलही, काका. ज्या मुलीवर बळजबरी घरातल्याच माणसाने केली असेल तिने कोणाला उठवायचं?