पेन्शनच्या जाहिरातीत म्हातारा कशाला?

कच्चीरेघ (लातूर): एका बँकेसाठी अटल पेन्शन योजनेची तीस सेकंदांची ॲनिमेटेड जाहिरात करतोय. बसस्थानकातल्या स्क्रीनवर आणि व्हॉट्सॲपवर फिरणार आहे. त्यांनी दिलेली गोष्ट अशी: बाजेवर आजोबा, पांढऱ्या मिशा, मोबाइल टिंग वाजतो, पेन्शन जमा, नातवाला जिलेबी. स्टोरीबोर्ड काढून दिला आणि आता तोच खटकतोय. योजनेत शिरायचं वय १८ ते ४०. मग पडद्यावर साठीचा माणूस कशाला? मी म्हणतो, चोवीस वर्षांचा पोरगा घ्यावा, पानटपरीवर उभा असलेला. खूळ आहे का माझं हे?

मोंढा_नाका: खूळच. पेन्शन म्हटलं की म्हातारपण आलंच. पोरगा दाखवला तर लोकांना रिचार्जची जाहिरात वाटेल. आणि ॲनिमेशन घेतलंय कशासाठी? चार सेकंदांत पोराचा म्हातारा कर की. मिशा पिकत जातात, मागं लिंबाचं झाड वाढत जातं.

बँकमित्र: म्हातारा नकोच. मी गावात बँकेचं मशीन घेऊन बसतो. मागं शाखेत असंच आजोबांचं पोस्टर लागलं होतं. आठवडी बाजाराच्या दिवशी पंचावन्न-साठीची माणसं आधार कार्ड घेऊन रांगेत, "आमचं पेन्शन सुरू करा." तिकिटाला पैसे घालून आलेली. वय बसत नाही म्हणून परत पाठवलं, तर एक मावशी म्हणाली, "मंग आमच्यावाणी माणसाचा फोटू कामून लावला?"

काळीमाती: तुम्ही चित्रावर भांडताय, खोट आकड्यात आहे. तिसाव्या वर्षी शिरलेल्यानं महिन्याला ५७७ रुपये भरायचे, साठीनंतर महिन्याला ५,००० मिळणार. महागाई वर्षाला सहा टक्के धरा. तीस वर्षांनी त्या पाच हजारांत आजच्या साधारण ८७० रुपयांचा माल येईल. हे दाखवणार का? नाही तर नुसतं गोड रंगात फसवणं झालं.

मोंढा_नाका: ८७० तर ८७०. रोजंदारीवरच्या माणसाला दुसरं कोण हमी देतंय? तो गेला तर तेवढंच पेन्शन बायकोला, दोघांमागं साठलेली रक्कम वारसाला. पाच हजारांच्या पेन्शनला ती साडेआठ लाखांच्या घरात जाते. जाहिरातीनं माणसाला शाखेच्या पायरीपर्यंत आणावं, बास. गणित तिथं सांगतील.

बँकमित्र: तिथं कोण सांगतंय साहेब? टार्गेट असतं. फॉर्मवर अंगठा घेतात, मग चार महिन्यांनी माणूस पासबुक घेऊन माझ्याकडं येतो, "हे पैसे कशाचे कटायलेत?" आणि शंभरातल्या नव्वद जणांचा पहिला प्रश्न एकच, मधीच काढता येतात का. येतात, पण साठीआधी स्वतःहून बाहेर पडलं तर भरलेले पैसे आणि त्यावरचं व्याज, तेही खर्च वजा जाऊन. पेन्शन विसरा.

कोयता (बीड): महिन्याला हप्ता म्हणताय, पण आमच्याकडं पैसा महिन्याला येतो कुठं? ऊसतोडीला जाणाऱ्या जोडीला मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, मिळते ती एकरकमी, मग पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, कारखान्यावर. खात्यात शिल्लक राहायची कशी? सहामाही हप्ता भरायची सोय योजनेतच आहे, पण जाहिरातीत कधी बघितली नाही. आजोबा-पोरगा सोडा, उचल हातात पडली त्याच दिवशी हप्ता बाजूला काढणारी जोडी दाखवा.

काळीमाती: उचल म्हणजे अंगावरचं कर्ज. कर्ज काढून पेन्शन भरायला शिकवताय?

कोयता (बीड): लग्न, दवाखाना, बियाणं सगळं त्यातूनच होतं. पेन्शनलाच सोवळं कशाला?

कच्चीरेघ (लातूर): उद्या आवाज रेकॉर्ड होतोय. ओठांची हालचाल आवाजावर बसवायची असते, म्हणजे शब्द आजच ठरायला पाहिजेत, आणि तीस सेकंदांत सत्तरच्या वर शब्द कोंबले की कळत काही नाही. म्हातारा काढला. पंचविशीची जोडी घेतली, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, मांडीवर पोरगं. शेवटची सहा सेकंदं पडद्यावर दोनच ओळी: "वय १८ ते ४०" आणि "हप्ता सहा महिन्यांनीही भरता येतो". काळीमाती, तुमचे ८७० बसवून बघितले, नाही बसत. बँक म्हणते जिलेबी मात्र पाहिजेच.

मोंढा_नाका: आता ती खाणार कोण?

कच्चीरेघ (लातूर): मांडीवरचं पोरगं. दात काढून घेतो त्याचे रात्री.